दापोडीच्या सांगाड्यापासून चाकणच्या बंपरपर्यंत

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरकडे राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. गाडी बेडफर्डची, बॉडी लाकडी, बसायला काथ्याच्या बैठका आणि बाहेरून निळा-रुपेरी रंग. पुढे लाकडाची जागा पोलादाने घेतली, काथ्याच्या जागी मऊ गाद्या आल्या. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजते म्हणून १९६० मध्ये ॲल्युमिनियमची बॉडी आली आणि निळा-रुपेरी रंग जाऊन लाल रंग लागला. बारा वर्षांत बसचे अंग दोनदा बदलले. हा बदल नेहमी प्रवाशाच्या बाजूने सांगितला जातो: गाडी मजबूत झाली, बसणे सुखाचे झाले. तोच बदल गाडी मोडणाऱ्याच्या बाजूने पाहिला तर वेगळी गोष्ट दिसते. लाकूड मोडले तर पुन्हा सुतारकामाला किंवा जळणाला जात होते. पोलाद भट्टीत जात होते. ॲल्युमिनियमला तर सर्वांत चढा भाव, कारण खनिजापासून नवा धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे पाच टक्क्यांतच जुना पत्रा वितळून पुन्हा तयार होतो. तिन्ही साहित्यांना मोडीनंतरची वाट होती. चौथे साहित्य, प्लास्टिक, आले तेव्हा त्याच्यासाठी अशी वाट कोणी आखली नाही, आणि आजही जुन्या मोटारीतले बरेचसे प्लास्टिक नव्या मोटारीपर्यंत पोचत नाही. हा प्रश्न रसायनशास्त्राचा समजला जातो. माझे म्हणणे असे की तो आधी माहितीचा आणि मालकीचा प्रश्न आहे. ही दोन्ही सूत्रे कुठे जुळलेली होती आणि कुठे तुटली, हे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

सुरुवात दापोडीपासून करावी लागते. पेशवाईच्या अखेरीस जिथे कॅप्टन फोर्डची पलटण होती, नंतर जिथे मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला आणि वनस्पतिबाग होती, त्या मुळा-पवनेच्या संगमाजवळच्या गावात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात अशा तीनच: दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. कंपनीकडून बहुतेकदा येत आली ती नुसती चासी. तिच्यावर सांगाडा उभारणे, पत्रे ठोकणे, खिडक्या आणि आसने बसवणे, रंग देणे हे काम कार्यशाळेत होते. काही वर्षांनी चासी धड पण बॉडी खिळखिळी अशी स्थिती आली की गाडी परत येते, जुनी बॉडी उतरते, नवी चढते. गेल्या दशकात ॲल्युमिनियमच्या जुन्या बॉडी काढून त्याच चासींवर माइल्ड स्टीलच्या बॉडी चढवण्यात आल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते तेव्हा जुन्या बस मालवाहू करण्यात आल्या. टायरची झीज झाली की नवा थर चढवण्यासाठी महामंडळाची स्वतःची नऊ केंद्रे आहेत. सगळे उपयोग संपले की उरलेले भंगार लिलावात जाते. इथे बांधणारा, चालवणारा, दुरुस्त करणारा आणि मोडणारा एकच आहे, ही या व्यवस्थेतली मोलाची गोष्ट. कोणत्या गाडीला काय लावले आहे हे मोडणाऱ्याला शोधावे लागत नाही, कारण ते त्याच्याच संस्थेने लावलेले असते. काटकसर हा सरकारी खात्याचा स्वभाव नव्हे असे आपण धरून चालतो, पण इथली काटकसर कोणाच्या स्वभावातून आली नव्हती. वस्तू जन्मापासून मोडीपर्यंत एकाच घरात राहिल्यामुळे ती आपोआप घडत गेली.

दापोडीच्या पलीकडे जे औद्योगिक नगर उभे राहिले त्याच्याजवळ ही एकसंधता नव्हती, तरी धातूच्या काळात तिची उणीव फारशी भासली नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६० च्या सुमारास आकुर्डीत बजाज, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना आणि त्याच दशकात टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, पिंपरीतले आगमन, अशा क्रमाने हा पट्टा भरत गेला. त्या काळातली मोटार म्हणजे पत्राच. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचे बंपर पोलादाचे, वर क्रोमचा मुलामा. चेतक स्कूटरचे अंगही दाबून घडवलेल्या पत्र्याचे. ठोकर बसली तर डेंटिंगवाला पत्रा ठोकून सरळ करी. गाडी निकामी झाली की इंजिन, गिअरबॉक्स, दिवे निघून सुट्या भागांच्या बाजारात जात. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार हे त्याचे एक ठिकाण. उरलेला सांगाडा तुकडे होऊन भट्टीकडे रवाना होई. जालन्याचा पोलाद उद्योग तर मुख्यतः अशा मोडीवरच वाढला. या साखळीत मोटार बनवणारा कारखाना कुठेच नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. लोहचुंबक लावले की लोखंड कळते, वजन आणि रंग पाहिला की तांबे, पितळ, ॲल्युमिनियम कळते. धातू आपली ओळख स्वतःच देतो, म्हणून त्याला परत आणायला भाव पुरेसा ठरला.

इटलीत जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी घडवले. भारतात हे प्लास्टिक सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये बनू लागले. १९९८ च्या अखेरीस पिंपरीतून टाटा इंडिका बाहेर पडली तेव्हा बंपर प्लास्टिकचा असणे ही नवलाई उरली नव्हती. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, २०१० मध्ये महिंद्रा आले, आणि त्यांच्यामागून साच्यात प्लास्टिकचे भाग घडवणारे पुरवठादारही वाढत गेले. या बदलाला दोष देण्याचे कारण नाही. प्लास्टिकमुळे गाडी हलकी झाली, इंधन वाचले, पावसाळ्यात गंजणारे कितीतरी भाग गंजेनासे झाले, बंपर पादचाऱ्याला कमी घातक झाला. युरोपातल्या आजच्या एका मोटारीत साधारण दीडशे ते दोनशे किलो प्लास्टिक असते. मात्र ते एक साहित्य नव्हे. बंपर पीपी आणि रबराच्या मिश्रणाचा, त्यात टाल्कची भुकटी, वर रंगाचे दोन-तीन थर. डॅशबोर्डचा गाभा पीपीचा, त्यावर पॉलियुरेथेनचा फोम, त्यावर पीव्हीसीचे कातडे. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची आणि मागची डबी वेगळ्याच प्लास्टिकची. इंधनाची टाकी पॉलिथिलीनची, पण मधे पेट्रोलची वाफ अडवणारा दुसराच पातळ थर. इंजिनजवळचे भाग काचतंतू घातलेल्या नायलॉनचे. गाडीला हे सगळे हवेच असते. मोडणाऱ्याच्या हातात मात्र एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या तुकड्यांचा ढीग येतो.

प्लास्टिक आपली ओळख देत नाही, ही या इतिहासातली निर्णायक गोष्ट. भंगारवाल्यांनी ती काढण्याचे आपले उपाय शोधले. तुकडा पेटवून पाहिला की पीपी शांत जळते आणि वितळलेल्या मेणाचा वास येतो, एबीएस भरपूर काजळी सोडते, नायलॉनला जळलेल्या केसांचा वास येतो, पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो. हे ज्ञान खरे आहे, अनुभवाने तपासलेले आहे, आणि ते मिळवणाऱ्याच्या फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली आहे. दुसरा उपाय पाण्याचा: नुसते पीपी पाण्यापेक्षा हलके, ते तरंगते, बाकीचे बरेच बुडते. पण वीस टक्के टाल्क घातले की पीपीची घनता जवळपास एबीएसएवढी होते आणि दोन्ही सोबतच तळाला जातात. यंत्रांनीही हात टेकले. बाटल्या वेगळ्या करणारी अवरक्त किरणांची यंत्रे काळ्या रंगापुढे आंधळी होतात, कारण रंगातला कार्बन ते किरण शोषून घेतो, आणि मोटारीतले बहुतांश प्लास्टिक काळेच असते. मिसळलेले प्लास्टिक एकत्र वितळवले तर ते नीट एकजीव होत नाही. बंपरवरच्या रंगाचे कण तसेच राहिले तर नव्या भागाला नेमका तिथेच तडा जातो. मग अशा प्लास्टिकच्या दाण्यातून मोटारीचा भाग घडवता येत नाही; बादल्या, कुंड्या, पेट्या असा एकेक पायरी खालचा माल निघतो, आणि त्या मालाची पुढची मोड कुठे जाते याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

या आंधळेपणाचे टोक जपानने पाहिले आहे. मोटार यंत्रात घालून तिचा चुरा केला, चुंबकाने लोखंड काढून घेतले, की प्लास्टिक, फोम, रबर, काच आणि कापड यांचा जो गाळ उरतो तो गाडीच्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढा असतो. कागावा प्रांतातल्या तेशिमा या लहानशा बेटावर असा गाळ वर्षानुवर्षे बेकायदा टाकला गेला. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातल्यावर तो उघडकीस आला आणि सुमारे नऊ लाख टन कचरा व दूषित माती बेटावरून हलवायला २०१७ साल उजाडले. गावकऱ्यांच्या दीर्घ लढ्यानंतर झालेल्या त्या सफाईचा धडा जपानच्या कायद्यात उतरला. २००५ पासून तिथे गाडी विकत घेतानाच ग्राहक मोडीचे शुल्क भरतो आणि उरलेल्या गाळाची जबाबदारी कंपनीवर असते. जर्मनीतला त्राबांतचा अनुभव वेगळा पण तितकाच बोलका आहे. पूर्व जर्मनीच्या या छोट्या मोटारीचे बाह्यांग कापसाचे टाकाऊ तंतू आणि फिनॉल रेझिन यांचे होते. टाकाऊतून बनलेली वस्तू म्हणून ती नावाजावी अशी, पण ते साहित्य एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. देश एकत्र आल्यावर लोकांनी त्या गाड्या टाकून दिल्या तेव्हा त्या अंगाचे करायचे काय, हा मोठा प्रश्न होऊन बसला. आपल्याकडच्या बसमधले फायबरचे भागही याच जातीचे. म्हणून दापोडीच्या व्यवस्थेचे गुण सांगताना तिची मर्यादाही सांगायला हवी: वस्तू एकाच हातात राहिली तरी जे वितळतच नाही ते परत येत नाही. ओळख आणि परतीची क्षमता दोन्ही लागतात, आणि दोन्ही ठरतात त्या साहित्य निवडतानाच, गाडीचा आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर.

हे सगळे अशक्यच असते तर वाद संपला असता. पण मोटारीतले एक प्लास्टिक कित्येक दशके नियमितपणे परत येत आले आहे, आणि ते म्हणजे बॅटरीची पेटी. ती एकाच साहित्याची, पीपीची. तिला रंगाचा थर नसतो. आणि आतल्या शिशाला भाव असल्यामुळे जुनी बॅटरी कोणी फेकत नाही. जुनी देऊन नवी घेण्याची पद्धत दुकानदाराने पाडली, २००१ च्या नियमांनी तिला कायद्याचा आधार दिला. शिसे गाळणाऱ्याकडे पेट्यांचा एकजात ढीग जमतो, तो धुऊन, दळून, दाणा होऊन पुन्हा बॅटरीच्या पेटीत जातो. शिसे निष्काळजीपणे गाळणाऱ्यांनी माती आणि माणसे दोन्ही नासवली आहेत, ते कोणत्याही हिशेबाने क्षम्य नाही. तरी पीपीपुरते पाहिले तर निष्कर्ष स्पष्ट आहे. जे पीपी बंपरमध्ये वाया जाते तेच बॅटरीत परत येते. रसायन तेच आहे. पेटी मात्र ओळखीच्या हातात, न मिसळता, परतते.

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली ती पिशव्या आणि एकदा वापरायच्या वस्तूंवर. केंद्राचे प्लास्टिक नियम उत्पादकाला बांधतात ते मुख्यतः वेष्टनाबाबत. टायर, बॅटरी, वापरलेले तेल यांना आपापले नियम मिळाले. मोटारमोडीचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले, मोड केंद्रांच्या नोंदणीचे नियम त्याच वर्षी आले, पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरून उतरवण्याचा निर्णय झाला आणि त्याची झळ एसटीलाही पोचली. १ एप्रिल २०२५ पासून जुन्या वाहनांचे नवे नियम लागू झाले. त्यांत पहिल्यांदा गाडी बनवणाऱ्यावर मोडीची जबाबदारी आली, हे मोठे पाऊल आहे. पण ती जबाबदारी मोजली जाते पोलादात. पंधरा किंवा वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांतल्या पोलादाच्या आठ टक्के, पुढे तेरा, नंतर अठरा टक्के पोलाद परत मिळाल्याची प्रमाणपत्रे कंपनीने दाखवायची. म्हणजे जे साहित्य भावाच्या जोरावर आधीच परत येत होते त्याचीच मोजणी आपण सुरू केली, आणि ज्याला कोणी वाली नाही त्याला मोजमापातून वगळले. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये ठेवलेल्या प्रस्तावात नव्या मोटारीतल्या प्लास्टिकपैकी पंचवीस टक्के पुनर्चक्रित असावे आणि त्यातला चौथा हिस्सा जुन्या मोटारींतूनच यावा, असे होते. पुढे त्या आकड्यांची घासाघीस झाली हे खरे, पण मोजायचे काय, हे तिथे नेमके ओळखले गेले.

प्लास्टिकही मोजावे या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला असा की भारतीय छोट्या गाडीत प्लास्टिक आहेच किती आणि त्याला भाव तो किती. नवा दाणा स्वस्त असताना जुना कोण घेईल? भावाची अडचण खरी आहे. पण शिशाचा भाव पेटीला ओढून आणतो तसे एखाद्या नियमाचे वजनही बंपरला ओढून आणू शकते. प्लास्टिकच्या परतीचे प्रमाणपत्र विकता येऊ लागले की बंपर वेगळा उतरवण्याची मजुरी सुटते. दुसरा आक्षेप गुणवत्तेचा: प्रत्येक वितळणीत पीपीच्या साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होते. होते, पण स्थिरकारके, थोडे नवे रबर आणि नव्या दाण्याची जोड देऊन ते सावरता येते. टोयोटाने नव्वदच्या दशकातच विक्रेत्यांकडून बदललेले बंपर गोळा करून त्यांचे साहित्य पुन्हा भागांत वापरले, आणि आपल्याकडे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे. सुरक्षेचा ज्याच्याशी संबंध नाही असे चाकाच्या वरचे आच्छादन, इंजिनखालचे झाकण, डिकीचे अस्तर यांत असा दाणा निर्धास्त चालतो. जुन्या फोममध्ये आणि विजेच्या भागांत ब्रोमीनयुक्त ज्वलनरोधके असतात, ती नव्या वस्तूत शिरू नयेत ही भीती मात्र गंभीर आहे. म्हणूनच सरसकट दळण नको, भागवार सुटे करणे हवे. तिसरा आक्षेप म्हणतो, जाळून टाका, वीज करा, सिमेंटच्या भट्टीत घाला. एक किलो पीपीत जवळपास डिझेलइतकी उष्णता असते, त्यामुळे हे म्हणणे वरवर शहाणपणाचे वाटते. पण त्या एका किलोतून तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो आणि साहित्य कायमचे संपते. जे काही केल्या सुटे होत नाही त्याच्यासाठी जाळणे हा मार्ग असू शकतो. स्वच्छ बंपरसाठी तो आळस आहे.

सर्वांत कठीण आक्षेप कुदळवाडीचा आहे. चिखली-कुदळवाडीत या पट्ट्यातल्या कारखान्यांची मोड अनेक वर्षे वेगळी होत होती: लोखंडाचा कीस, ड्रम, लाकडी पॅलेट, रबर, प्लास्टिक. तिथे पुन्हा पुन्हा आगी लागल्या, धूर पसरला, इंद्रायणीच्या प्रदूषणाची तक्रार वाढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे अनधिकृत ठरवून पाडली. पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना धूर आणि आग दाखवता येते, आणि शेजारी राहणाऱ्यांचा तो त्रास मुळीच काल्पनिक नव्हता. तरी ज्या मोडीमुळे तो धूर निघत होता ती मोड कारखान्यांतून अजूनही रोज बाहेर पडते आहे. वस्ती हलली म्हणून ती कमी होत नाही. ती दूरच्या एखाद्या गावात, आणखी कमी देखरेखीखाली जाण्याचीच शक्यता जास्त. पुण्याने याबाबत आधी वेगळा मार्ग दाखवला होता. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, वेचकांना ओळखपत्रे मिळाली, २००८ मध्ये त्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम वेचकांच्या हाती अधिकृतपणे आले. कचरा ओळखणाऱ्या माणसांना व्यवस्थेच्या आत घेतले की ओळखही आत येते, हे त्या अनुभवातून सिद्ध झाले आहे. मोटारमोडीत तसे झालेले नाही. नव्या नोंदणीकृत केंद्रांना काँक्रीटची जमीन, तेल गोळा करण्याची सोय आणि मोठे भांडवल लागते. टाटा मोटर्ससारखी कंपनी अशी केंद्रे उभारू लागली आहे हे चांगलेच, पण वास घेऊन पीपी आणि एबीएस सांगणारा माणूस या साच्यात कुठे बसतो याचे उत्तर नियमांत सापडत नाही. त्याला सुरक्षित छप्पर, मुखपट्टी आणि तुकडा न जाळता साहित्य सांगणारे हातातले उपकरण द्या, म्हणजे केंद्राला लागणारा कसबी कामगार तोच आहे हे दिसेल.

एसटीशी तुलना खासगी मोटारीला लागू नाही, असेही कोणी म्हणेल. खासगी गाडी तीन-चार मालक बदलते, चाकणची गाडी लातुरात मोडते, मग बांधणारा आणि मोडणारा एक कसा होणार? तो एक होणार नाही, हे मान्यच आहे. पण मालकी एक नसली तरी माहिती सोबत जाऊ शकते. मोठ्या भागांच्या आतल्या बाजूला साहित्याची खूण साच्यातच कोरण्याची पद्धत युरोपच्या नियमांमुळे रूढ झाली. शंभर ग्रॅमहून जड प्लास्टिकच्या भागावर ती खूण असावी अशी तिथे अट आहे. आपल्याकडे पुण्यातल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आकाराला आलेल्या एआयएस-१२९ या मानकात मोडीतून किती साहित्य परत यावे याचा विचार आहे. प्रश्न उरतो तो ही खूण वाचणाऱ्याचा आणि वाचल्याबद्दल त्याला मोबदला देणाऱ्याचा. चाकणमध्ये २००९ साली बनलेल्या पहिल्या खासगी गाड्या वीस वर्षांच्या हिशेबाने २०२९ मध्ये कंपन्यांच्या जबाबदारीत येतील, आणि त्यानंतर दरवर्षी त्यांची संख्या वाढत जाईल. त्यांच्या बंपरमध्ये काय आहे हे ज्या कंपन्यांच्या आराखड्यांत लिहिलेले आहे त्या कंपन्या आणि ते बंपर मोडणारी माणसे आज एकाच तालुक्याच्या आसपास आहेत. तोवर नियमांत प्लास्टिकचा स्वतंत्र रकाना आला, आणि कुदळवाडीतून विखुरलेल्या कारागिरांना सहकारी संस्था म्हणून मोड केंद्रांत नोंदणी मिळाली, तर त्या गाड्यांचे पीपी याच पट्ट्यात दाणा होऊन याच पट्ट्यातल्या साच्यांत जाईल. नोंदणीचा निर्णय लांबला तर ती माणसे दुसऱ्या कामांकडे वळलेली असतील, आणि मोटारी यंत्रात जाऊन त्यांचा एकच काळा चुरा होईल.